धोंडुबाईंच्या दारातला बर्फ

गेल्या सव्वीस वर्षांत वीरधवल साळुंखे यांनी चार गाड्या बदलल्या आणि चारही गाड्यांत त्यांचे सासरे, सुभेदार गुंडा माने, मागच्याच सीटवर बसले. नुसते बसले असते तर काही म्हणणं नव्हतं. पण आपल्या बाजूचं दार ते कधी पूर्ण लावून घेत नसत. एक हात कडीवर, एक पाय उचलायच्या बेतात आणि नजर समोरच्या रस्त्यावर. फौजेत एकतीस वर्षं ट्रक चालवलेला हा माणूस जावयाच्या गाडीतून उडी मारायच्या पूर्ण तयारीने प्रवास करायचा. कारण किरकोळ होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नव्या जावयाने गाडी मागे घेताना ती सासऱ्यांच्या गोबरगॅसच्या टाकीत घातली होती. टाकी पंधरा दिवसांत दुरुस्त झाली. दार काही लागलं नाही.

वीरधवल हे नाव ठेवताना आईवडिलांच्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार असं काहीतरी असणार. प्रत्यक्षात विटा आणि वडूज यांच्या मधल्या एका गावच्या पालिकेत, पाणीपुरवठा विभागात, वरिष्ठ लिपिकाची खुर्ची आली. गावाचं नाव इथे सांगत नाही. पुढे जे घडलं ते पाहता न सांगणंच पालिकेच्या सोयीचं आहे.

सगळ्याचं मूळ एका नारळात होतं. बहात्तर साली सुभेदार (तेव्हा ते साधे शिपाई होते) हिमालयातल्या एका खिंडीतून भरलेला ट्रक उतरवत असताना रस्त्यावर काळा बर्फ लागला. काळा बर्फ म्हणजे जो दिसत नाही तो. ट्रक घसरला आणि दरीच्या कडेला अवघ्या दोन वितींवर थांबला. खिंडीत देवीचं एक छोटं देऊळ होतं. तिथे सुभेदारांनी नारळ बोलला. आठवड्याने त्यांची बदली वाळवंटात झाली आणि नारळ राहिला तो राहिलाच. ही हकिगत माने कुटुंबात इतक्या वेळा सांगून झाली होती, की सुभेदारांची मुलगी प्रियदर्शनी, म्हणजे साळुंख्यांची बायको, ती इंजिनाच्या आवाजासकट सांगू शकत असे.

या दिवाळीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सुभेदारांनी जाहीर केलं की औंदा नारळ फोडायचा. विमान नको. भाड्याची गाडी नको. ज्या वाटेनं घसरलो त्याच वाटेनं, घरच्या गाडीतून, घरच्या माणसाच्या हातून. त्यावर प्रियदर्शनी करंज्या तळता तळता म्हणाली, "मग हे नेतील की."

सुभेदारांनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं. सीमेपलीकडून तहाचा निरोप आल्यावर फौज जशी पाहते, तसं.

मग अट पडली. फौजेत परीक्षा दिल्याशिवाय कुणाच्या हातात बर्फातली गाडी देत नाहीत. जावईबापूंनीही परीक्षा द्यायची. तीन कलमं: चढ चढायचा, अर्धी चाकं घसरड्यावर आणि अर्धी कोरड्यावर ठेवून ओझं ओढायचं, आणि ब्रेक न मारता उतार उतरायचा. पास झालात तर जाऊ. नापास झालात तर नारळ पोस्टानं धाडीन, पर तुमच्या संगं दरीत जाणार न्हाई.

साळुंख्यांनी अट मान्य केली. नारळाशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपल्या शेजारच्या सीटवर बसून सासऱ्यांनी दार खाडकन लावून घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गाडी शेजारच्या लालासाहेबांनी मिळवून दिली. लालासाहेबांचं हिमाचलात वीस वर्षं सोनं गाळायचं दुकान होतं, त्यामुळे कॉलनीत बर्फाविषयीचा शेवटचा शब्द त्यांचा. हे वीस हिवाळे त्यांनी भट्टीसमोर बसून काढले होते आणि बर्फ मुख्यतः खिडकीतून पाहिला होता, ही गोष्ट ते आपणहून सांगत नसत. तिथल्या त्यांच्या मेहुण्याची चारही चाकं ओढणारी जुनी गाडी इकडे आली. परराज्यातल्या गाडीला ना-हरकत दाखला लागतो. तो मिळवताना साळुंखे आयुष्यात प्रथमच टेबलाच्या पलीकडल्या बाजूला उभे राहिले आणि लिपिक नावाच्या प्राण्याविषयी त्यांचं मत फार वाईट झालं. पण ते असो.

गाडीत एक बटण होतं. दाबलं की समोर पिवळा दिवा लागायचा. हा डिफरन्शियल लॉक. साळुंख्यांनी त्यावर अकरा व्हिडिओ पाहिले आणि बाराव्यानंतर त्यांना काहीच कळेनासं झालं. शेवटी सुभेदारांनी फोनवर समजावलं.

"ह्ये बगा जावईबापू, वळणावर भाईरच्या चाकाला जास्ती पळावं लागतंय, आतल्याला कमी. म्हणून मधी डिफरन्शियल असतंय. पर एक चाक बर्फात घसरलं की काय हुतंय? जे चाक नुसतं गरागरा फिरतंय, काम कायबी करत न्हाई, समदी ताकद त्यालाच जाती. आन् जे जमिनीला धरून हुबं हाय, त्याला कायबी न्हाई."

साळुंख्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे यंत्र ते पालिकेत सव्वीस वर्षं रोज दहा ते सहा पाहत होते. त्याला डिफरन्शियल म्हणतात एवढंच ठाऊक नव्हतं. आपण स्वतः त्यातलं कुठलं चाक, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि ते एका परीने बरंच झालं.

लॉक लावला की दोन्ही चाकं एका दोरीला बांधल्यासारखी फिरतात. मग एकाने फिरायचं आणि दुसऱ्याने मजा बघायची असं चालत नाही. मात्र काम झाल्याबरोबर लॉक सोडायचा. नाहीतर गाडी वळत नाही, नाकासमोर जाते. यावर सुभेदारांचा फार कटाक्ष. त्या दिवसापासून ते फोनवर ख्यालीखुशाली विचारीनासे झाले. फोन उचलला की पहिला प्रश्न, "लॉक सोडला का?" एकदा साळुंखे जेवत होते तरी हाच प्रश्न आला आणि त्यांनी घास खाली ठेवून "सोडला मामा" म्हणून सांगितलं.

आता सरावाला बर्फ पाहिजे. फेब्रुवारी महिना, आणि आमच्या भागात बर्फ पडतो तो फक्त उसाच्या रसात. कॉलनीने विचार सुरू केला. आमच्याकडे कुणाच्याही अडचणीवर पाच घरांतून सहा उपाय येतात, हे कॉलनीचं वैभव आहे. कुणी म्हणालं, गच्चीवर साबणाचं पाणी ओता. गाडी गच्चीवर कशी न्यायची ते ज्याचं त्याने बघावं. कुणी साखर कारखान्याची मळी सुचवली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हवामान ज्या गतीने बदलतंय ते पाहता थोडं थांबायचा सल्ला दिला. लालासाहेब म्हणाले की बर्फात गाडी चालवायची नसते, तिला चालू द्यायची असते. हे ऐकून सगळे गप्प झाले, कारण वाक्य चांगलं होतं.

शेवटी भरतेश म्हणाला, "बर्फच पायजे न्हवं? मग बर्फच घ्या की. माझ्याकडं पडलाय."

भरतेशचा बर्फाचा कारखाना होता. थंडीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं आणि लाद्या भुशात पडून राहतात. शिवाय घरातले सगळे दिवस मावळायच्या आत जेवून लवकर झोपणारे, त्यामुळे पहाटे पाचला ताजातवाना असलेला कॉलनीतला तो एकमेव माणूस. मंगळवारी पहाटे त्याचा टेम्पो आला. कॉलनीतून खाली येणारा रस्ता धोंडुबाईंच्या घरापाशी उजवीकडे वळतो. त्या उतारावर पोती अंथरून वर लाद्या फोडल्या. धोंडुबाई या वेळी डेअरीत दूध घालायला जात आणि सातला परतत. त्यामुळे हिमालयाला रोज दीड तास मिळत असे.

पहिल्या दिवशी गाडीला बर्फ असल्याचं कळलंच नाही, ती चुरा करून वर गेली. दुसऱ्या दिवशी लाद्या जाड ठेवल्या. तेव्हा गाडी अर्ध्या चढावरून शांतपणे मागे यायला लागली आणि मागे उभं राहून हातवारे करणारे लालासाहेब वीस वर्षांच्या अनुभवासह पळत सुटले. तिसऱ्या दिवशी अर्ध्या रस्त्यावर बर्फ, अर्धा कोरडा. डावी चाकं गरागरा फिरायला लागली. साळुंख्यांनी बटण दाबलं. पिवळा दिवा लागला, आणि गाडी अशी वर चढली, की जणू वरून कुणी दोरीने ओढून घेतलं. साळुंखे खाली उतरून गाडीशेजारी उभे राहिले. त्यांना आपलं नाव प्रथमच नीट बसल्यासारखं वाटलं. लालासाहेबांनी फोटो काढला, ओली पोती घाईने गटारात कोंबली आणि सगळे घरी जाऊन झोपले.

बर्फाला वितळायची सवय असते, हा मुद्दा तीन सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात आला नव्हता.

गुरुवारी दुपारी साळुंख्यांच्या टेबलावर एक अर्ज आला. "माझ्या दारात रोज सकाळी गार पाणी येते. आमच्या नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणी येते व दारात रोज येते. तरी चौकशी व्हावी." खाली धोंडुबाईंची सही.

साळुंख्यांनी अर्ज वाचला, पालथा घातला, वर पेपरवेट ठेवला. खरं सांगावं, तर पालिकेच्या माणसाने पालिकेच्या रस्त्यावर बर्फ टाकला, हे कुठल्या नियमात बसवायचं? गप्प बसावं, तर धोंडुबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. मग त्यांनी सव्वीस वर्षांची विद्या बाहेर काढली आणि अर्ज कायमचा झोपेल अशी टिपणी लिहिली. सदर पाण्याचे तापमान सभोवतालच्या पाण्यापेक्षा कमी असल्याने ते खोलवरील मुख्य वाहिनीतून येत असल्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब सखोल तांत्रिक पाहणीअंती उचित निर्णय व्हावा. सखोल तांत्रिक पाहणीला आमच्या पालिकेत सरासरी दीड वर्ष लागतं. तोवर नारळ फुटून प्रसाद वाटून झाला असता.

पण आठच दिवसांपूर्वी नवीन मुख्याधिकारी बाई आल्या होत्या. वय एकतीस. त्यांना एक वाईट खोड होती: त्या फाइल वाचत. शुक्रवारी सकाळी त्यांनी साळुंख्यांना बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, की इतकी शास्त्रशुद्ध टिपणी आपण नोकरीत प्रथमच पाहिली, विशेषतः तापमानाचा मुद्दा. बारा वाजता अभियंत्याची सही झाली, दोनला ठेकेदार आला, चारला जेसीबी ठरला. जी चाकं एरवी एकमेकांकडे बघत उभी राहत ती सगळी एकदम फिरायला लागली. पालिकेला कुणीतरी लॉक लावला होता, आणि बटण साळुंख्यांनीच दाबलं होतं.

शनिवारी खोदाई सुरू झाली. पहिल्या तासात गळती सापडली नाही. दुसऱ्या तासातही नाही. तिसऱ्या तासाला जेसीबीच्या दातांनी मुख्य वाहिनी फुटली आणि पाण्याचा फवारा दोन मजले वर गेला. अभियंत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पंचनाम्यात लिहिलं, "गळती आढळून आली."

संध्याकाळपर्यंत धोंडुबाईंच्या दारापुढे, बरोबर वळणाच्या समोर, सात फूट खोल चर होता. उताराच्या एका बाजूला गुडघाभर चिखल होता. कॉलनीचं पाणी बंद होतं. सखोल तांत्रिक पाहणी पूर्ण झाली होती.

रविवारी परीक्षा.

सुभेदार सव्वाआठच्या एसटीने उतरले. इस्त्रीचा बुशशर्ट, गळ्यात शिट्टी, हातात पिशवी आणि पिशवीत आणलेला नारळ. ते उताराच्या पायथ्याशी पोचले तेव्हा तिथे अख्खी कॉलनी घागरी आणि बादल्या घेऊन उभी होती. पालिकेचा पाण्याचा टँकर चढाच्या सुरुवातीलाच रुतला होता. डावी चाकं चिखलात, उजवी डांबरावर. ड्रायव्हरने गाडी रेटली की डावं चाक गरागरा फिरे आणि जवळच्या घागरींत चिखल पडे.

आणि चराच्या कडेला धोंडुबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक पोतं होतं. जेसीबीने गटारातून उकरलेलं. पोत्यावर निळ्या अक्षरांत भरतेशच्या बर्फाच्या कारखान्याचं नाव होतं.

"भरतेश, ह्ये तुझं पोतं माझ्या दारात कसं आलं रं?"

भरतेशने लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून साळुंख्यांकडे पाहिलं, आणि त्यांचं बघून कॉलनीनेही.

साळुंखे पुढे आले. घसा साफ केला. "तीन दिवस इथं बर्फ टाकण्यात आला होता."

"कुणी टाकला?"

"माझ्याकडून टाकण्यात आला."

मग त्यांनी सगळं सांगितलं: नारळ, खिंड, परीक्षा, टिपणी, तापमान. सांगताना त्यांचं लक्ष सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे होतं. त्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. फौजेत तो तसा ठेवायला शिकवतात. घागरी घेतलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर मात्र पुष्कळ काही उमटत होतं. प्रियदर्शनी एका बादलीमागे उभी होती आणि आपण या कॉलनीत राहतच नाही अशा नजरेने टँकरकडे बघत होती.

धोंडुबाईंनी पोतं खाली टाकलं.

"माझ्या दारात हिमालय केलासा," त्या म्हणाल्या, "आन् मला दावलासा बी न्हाई." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "आता आदी त्यो टँकर वर काढ. बाकीचं मागनं बघू."

सुभेदारांनी शिट्टी ओठात धरली. परीक्षा सुरू झाली.

दोर त्यांनी स्वतः बांधला. अशी गाठ कॉलनीत कुणी पाहिली नव्हती. साळुंख्यांनी गाडी टँकरच्या पुढे घेतली, गिअर टाकला. दोर ताणला. गाडीचं डावं चाक चिखलात फिरायला लागलं. बटण. पिवळा दिवा. चारही चाकांनी एकदम जमीन धरली, गाडी थरथरली, आणि तो टँकर, चिखल, पाणी, ड्रायव्हर यांच्यासकट एकेक वीत करत वर निघाला. वर पोचल्यावर बायकांनी घागरी वाजवल्या. ज्यांनी मघाशी साळुंख्यांची अक्कल काढली होती, त्यांनीच आधी वाजवल्या. चढ झाला, ओझं ओढलं. दोन कलमं एका दमात. खालून सुभेदारांनी शिट्टीने इशारा केला: आता उतार.

साळुंख्यांनी वरच्या मातीच्या मैदानात गाडी फिरवली. स्टिअरिंग जरा जड लागलं. पण घागरींचा आवाज मोठा होता, आणि माणसाच्या आयुष्यात अशी सकाळ रोज येत नाही.

गाडी उतार उतरायला लागली. पाय ब्रेकवर नाही. अगदी ठरल्याप्रमाणे, सावकाश. वळण आलं. साळुंख्यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी सरळच गेली. अजून फिरवलं, गाडी तरीही सरळ. समोर चर, चरापलीकडे धोंडुबाईंचं दार. समोर पिवळा दिवा लागलेला होता. तो किती स्वच्छ दिसत होता. मग साळुंख्यांनी जे सव्वीस वर्षं येत होतं ते केलं: दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. शिट्टी वाजत राहिली. चारही चाकं थांबली, पण गाडी नाही. ती चिखलावरून बर्फावर घसरावी तशी, बिलकुल आवाज न करता घसरत गेली आणि थांबली.

शिट्टी थांबली.

सुभेदार चालत आले. गुडघ्यावर बसले आणि पुढचं चाक आणि चराची कड यांमध्ये हात पसरून मोजलं. एक वीत. दुसरी वीत. मग उठायला त्यांना बराच वेळ लागला. ते साळुंख्यांच्या खिडकीशी आले.

"लॉक सोडला हुता का?"

साळुंख्यांनी पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. इथे कुठलीही टिपणी चालणार नव्हती.

"न्हाई, मामा. इसरलो."

सुभेदारांनी मागे वळून पाहिलं. प्रियदर्शनी लांब होती, उतारावरून चप्पल सावरत येत होती. ते खिडकीत वाकले आणि आवाज खाली आणला.

"मीबी न्हवता सोडला."

"कवा?"

"बहात्तर साली. काळा बर्फबिर्फ काय न्हवता तितं. चढावर लॉक लावला आन् उतारावर सोडायचा इसरलो. साहेबांनी कागदावर बर्फ लिवला, मी गप बसलो. पन्नास वर्सं समद्यास्नी त्योच बर्फ सांगतोय. खरं काय त्ये त्या देवीला तेवढं ठावं हाय." त्यांनी पिशवी चाचपली. "म्हणून नारळ पोस्टानं धाडता येत न्हाई."

साळुंख्यांनी हँडब्रेक आणखी एक खाच वर ओढला.

"प्रियाला सांगू नगा," सुभेदार म्हणाले.

"न्हाई सांगत."

प्रियदर्शनी जवळ आली तेव्हा तिचे वडील गाडीला वळसा घालून पलीकडे गेले होते. सवयीप्रमाणे तिने त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं. सुभेदारांनी ते बंद केलं. पुढचं उघडलं. आत बसले, पिशवीतला नारळ मांडीवर घेतला आणि दार खाडकन ओढून लावलं.

"आदी लॉक सोडा," ते समोर बघत म्हणाले.

साळुंख्यांनी बटण दाबलं. पिवळा दिवा गेला.

"आता गाडी मागं घ्या. बिनघोर घ्या." सुभेदारांनी नारळ नीट धरला. "मागं गोबरगॅस न्हाई. मी बघितलंय."